टाकीमागची पायवाट

११ जानेवारी

पुन्हा बागेचं घोडं! वस्ती वाढायच्या आत नगरपालिकेला जागा घेऊन ठेवायची आहे. आज जमीन घ्यायची, बाग कधीतरी पुढे. उद्घाटनाला आम्ही कोणी नोकरीत नसू.

यंदा एकच घेता येणार. छाननीत दोन उरल्यात — नाल्यापलीकडची मोठी आणि पाण्याच्या टाकीमागची लहान. टाकीमागची म्हटल्यावर मी नकाशावर तिथेच बोट ठेवून बसलो. भूमापक म्हणाला, "साहेब, नकाशा गुंडाळू का?"

तीच जागा. हिच्या आजारपणात डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज थोडं चालवा. सपाट, गाड्यांची कटकट नाही, म्हणून ऑफिस सुटल्यावर तिथे न्यायचो. ही पुढे, मी मागे, पडली तर धरायला. "चोरामागे पोलीस लावल्यासारखे काय चालता हो!" म्हणायची.

ती गेली. मी अजून जातो. रोज संध्याकाळी, अंधारात ठेचकाळत.

१४ जानेवारी

सकाळ नको वाटते. शेजारची उशी जशीच्या तशी फुगलेली. ऑफिसात पोचेपर्यंत मी माणसात नसतो.

१९ जानेवारी

दुपारी पाहणी. मॅडम स्वतः आल्या — उद्यान विभागाच्या प्रमुख, माझ्याहून वयाने लहान आणि डोक्याने दसपट. घरांपासून चालत किती लांब, रस्ता लागतो का, पाणी तुंबतं का, सगळं बघून झालं. नाल्यापलीकडे गुडघाभर गवत, कोणी फिरकत नाही. टाकीमागे मात्र या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लख्ख पायवाट! मॅडम खूश. "लोकांनी आधीच निवडलीय की ही जागा. आपण फक्त घ्यायची."

मी वहीत 'पायवाट आहे' एवढंच लिहिलं. लोक कसले! तिच्या चपला आणि माझे बूट.

२३ जानेवारी

मुलीचा फोन. "बाबा, जेवलात ना?" जेवलो म्हणालो. खोटंच. तिला सांगावंसं वाटत होतं — तुझी आई चालायची ना, तिथे बाग होतेय! बाक येतील, मुलं धिंगाणा घालतील. ती गेल्यापासून पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

आणि लगेच मनात पाल चुकचुकली. लोकांच्या पैशातून मी बायकोचं स्मारक तर करत नाही ना?

२७ जानेवारी

सांगून टाकलं. मॅडमच्या खोलीत, उभ्या उभ्या. "ती पायवाट माझी आहे. माझ्याशिवाय तिथे कोणी येत नाही. इतके दिवस जातोय, चिटपाखरू दिसलेलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला. काचा पुसल्या. मग म्हणाल्या, "अहो, गप्प बसला असतात तरी चाललं असतं." नसतं चाललं. ही असती तर हिनेच माझे कान उपटले असते.

वापरच नाही म्हटल्यावर लहान जागा कोण घेणार? नाल्यापलीकडची ठरली. घरी येऊन ढसाढसा रडलो. तोवर भाजी करपली. तशीच खाल्ली.

१५ फेब्रुवारी

टाकीमागची जागा बिल्डरने घेतली. मालक तरी किती दिवस आमच्या तोंडाकडे बघत बसणार? त्याला दोष नाही.

आज तिथे जास्त वेळ थांबलो. तिच्याशी मोठ्याने बोललो. ऐकायला होतं कोण!

२ मार्च

नाल्यापलीकडच्या जागेचं खरेदीखत झालं. फोटो, टाळ्या. भूमापक कानाशी लागून म्हणाला, "साहेब, बाग होईल, पण इथवर माणसं कुठून आणायची?" मी हसलो नाही.

उद्या टाकीमागे पत्रे लागणार. ऑफिस सुटेपर्यंत वाट बंद झालेली असेल. शेवटची एक फेरी मारायची तर सकाळीच जायला हवं. उठवेल का मला?

३ मार्च

गेलो. ऊन नुकतं वर आलेलं. मजुरांनी आधीच पत्रे ठोकले होते, आणि पत्र्यांपुढे माणसं उभी! काठी टेकत आलेले दोन म्हातारे. बाळाला कडेवर घेतलेली एक बाई. आणि एक आजी, सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन, एकेक पाऊल टाकत — अगदी हिच्यासारखं.

आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाल्या, "तुम्ही नवीन दिसता. आम्ही इथले रोजचे."