आधी कुणाला उचललं

४ ऑगस्ट १९६३

बलभीमचा सत्कार! नगरपालिकेनं ठरवलं म्हणे. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की शाल, श्रीफळ, हार. उन्हाळ्यात येडशीच्या घाटात वऱ्हाडाचा ट्रक उलटला होता, तेव्हा त्यानं जखमींना वाचवलं म्हणून.

आणि मी? मी काय घाटात हवा खायला गेलो होतो?

दवाखान्याची गाडी मी चालवतो. बलभीम ड्रेसर, मलमपट्टी करणारा, माझ्या शेजारी बसतो. ब्रेकचा भरवसा नाही, मागचं दार सुतळीनं बांधलेलं. असली गाडी त्या उतारावरून भरून आणली कुणी? त्यानं ढकलत आणली काय?

५ ऑगस्ट

झोप नाही. रात्री उठून अंगणात फेऱ्या मारल्या.

७ ऑगस्ट

हॉटेलवाला बलभीमकडून चहाचे पैसे घेईना. माझे मात्र बरोबर घेतले — शेजारीच बसलो होतो!

वर बलभीम मला म्हणतो, "तात्या, तुमचंबी नाव पायजे होतं." कीव करतोय माझी. त्याच्या वयाचा होतो तेव्हा मी निजामाच्या मोटारी चालवत होतो.

८ ऑगस्ट

अयोध्येला सांगितलं सगळं. वाटलं, बायको तरी माझ्या बाजूनं बोलेल. तर म्हणाली, एवढी शालीची हौस असेल तर घरात घोंगडं आहे, ते पांघरा. आणि हसली. जेवलो नाही.

१० ऑगस्ट

शेवटी अण्णारावांकडं गेलो. नगरपालिकेचे मेंबर आहेत, सत्काराचं सगळं त्यांच्याकडंच. सरळ विचारलं, माझं नाव का नाही?

ते म्हणाले, गाडी काय, कुणीही चालवली असती. आत आडवी दोनच माणसं मावतात. इतक्या जखमींतून आधी कुणाला न्यायचं, कुणाला मागं ठेवायचं, ते बलभीमनं ठरवलं. डोकं त्याचं. म्हणून सत्कार त्याचा.

कुणीही! हा शब्द फार लागला.

"ठरवलं मी," म्हणालो. "त्यानं नुसतं उचललं."

कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक. खरं तर मी स्टीअरिंगवरून हललोसुद्धा नव्हतो. इंजिन बंद केलं असतं तर पुन्हा चालू झालं नसतं. मागं वळून बघायची तर छातीच झाली नाही. पण बोललो ते बोललो.

अण्णारावांनी त्या पोराचं विचारलं. दुसऱ्या फेरीला ठेवलेला एक पोरगा आम्ही परत पोचेपर्यंत गेला होता. मी म्हणालो, निवड करावीच लागते, मन घट्ट करावं लागतं. काय रुबाबात म्हणालो!

"मग तर मान तुमचा पहिला," अण्णाराव म्हणाले.

११ ऑगस्ट

सदऱ्याला नीळ घालून घेतली. फेटा शेजाऱ्याचा.

१५ ऑगस्ट

झाला सत्कार! मैदान गच्च भरलेलं, खेड्यापाड्यांतूनही लोक आले होते. अण्णारावांनी भोंग्यावरून सांगितलं — कुणाला आधी न्यायचं हा कठीण निर्णय ज्यांनी घेतला ते आमचे ड्रायव्हर शांतलिंग! टाळ्याच टाळ्या. शाल आधी मला, मग बलभीमला.

तो माझ्याकडं बघतच राहिला. खाली उतरताना हळूच म्हणाला, "तात्या, ते कशाला सांगितलंत?"

जळला! मला कळत नाही होय? इतके दिवस मी जळत होतो, आता त्यानं जळावं.

अयोध्येनं शाल खुंटीला अडकवली. मी काढून पुन्हा अंगावर घेतली. घामानं भिजलो, पण काढली नाही.

१६ ऑगस्ट

बलभीम आज शेजारी बसला नाही, मागं जाऊन बसला. बस तिकडंच!

१८ ऑगस्ट

सकाळी दारात एक बाई. घाटाखालच्या गावची, धुरपताबाई नावाची. त्या मेलेल्या पोराची आई. अयोध्येनं पाणी दिलं, घेतलं नाही.

म्हणाली, पोरगा गेल्यापासून दर बाजारच्या दिवशी ती बलभीमकडं जाते. एकच विचारते. तो मान खाली घालून बसतो. बोलत नाही, पण उठूनही जात नाही. पंधरा तारखेला झेंड्याला आली होती, तेव्हा भोंग्यावरून माझं नाव ऐकलं.

"त्या माणसाला म्या उगं छळलं," म्हणाली. "तुमी ठरवलं व्हय? मग सांगा. माझ्या लेकाला का ठिवलं मागं?"

बलभीमचं नाव अगदी ओठावर आलं होतं.

"व्हय, मीच," म्हणालो.

आत येऊन हे लिहितोय. ती अजून ओट्यावर बसलीय.