मामांचा कोट माझ्या अंगात

कोल्हापूर. माघ वद्य पंचमी, शके १८४१. दिवेलागण.

जोतिबाहून उतरताना मामांच्या मोटारीचं चाक पंक्चर झालं. मामांनी कोट काढून माझ्याकडे दिला आणि नुसत्या बंडीवर मोटारीखाली शिरले. मी मदत करायची सोडून बाभळीवरची सुगरणीची घरटी बघत हिंडलो. आणि तो कोट अंगात का घातला? वारा होता म्हणून? छे. कसा दिसतो ते बघायला.

तेवढ्यात दुसरी मोटार येऊन थांबली. कुरुंदवाडचे बाबालालभाई, नाव त्यांनीच सांगितलं. आपली नवी ट्यूब काढून देत मलाच म्हणाले, "ह्या वाटंला दुसरा मोटारवाला गावला, लई बरं वाटलं. गाडी तुमचीच न्हवं, पावणं?"

"व्हय की," मी म्हणालो. का म्हणालो?

मग ते मामांवर ओरडले, "ए ड्रायव्हर, जॅक नीट धर की! मालक उन्हात हुबं हायत!"

मामांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी कोटाची बटणं चाचपत राहिलो.

"जी साहेब," म्हणून त्यांनी जॅक धरला.

बाबालालभाई निघाले तेव्हा तरी सांगायचं होतं. उलट मी त्यांच्याशी हात मिळवला.

घरात शिरताच मामा मामीला म्हणाले, "अगं, मालकांना आधी वाढ. ड्रायव्हर मागनं बसंल."

मामीला थट्टा वाटली, ती हसली. मी भूक न्हाय म्हणून माडीवर येऊन बसलोय. मामी दोनदा हाक मारून गेली. सकाळपासून उपाशी असलेले मामा अजून पाटावर बसलेले नाहीत.