आईच्या वजनाचं पोतं

ता. ९ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते आहे म्हणून दचकू नकोस. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि आई पलीकडच्या खोलीत पडल्या पडल्या कान टवकारते. पत्रात निदान मला शेवटपर्यंत बोलता येतं.

आईचा मणका जुळला. काल डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तरी मान हलवली. ते म्हणाले, हाड जुळलंय पण कच्चं आहे. घरातल्या घरात चालू दे, वाकू देऊ नका, आणि दणका अजिबात बसता कामा नये. बसला तर पायांतली शक्ती जाऊ शकते, आणि ती परत येईल अशी हमी ते देणार नाहीत. हे सगळं आईसमोर झालं. त्यावर आईने काय विचारावं, तर मी माझ्या घरी कधी जाऊ.

तिचं घर म्हणजे तुझं, टेकडीवरचं. डांबर संपल्यावरचा तुझा तो रस्ता मी विसरलेले नाही आणि तुझी जीप तर मुळीच नाही. मागच्या खेपेला माझं डोकं छताला आपटलं आणि तू खो खो हसलास. त्या जीपमध्ये आईला बसवायला माझं मन धजत नाही. तुझी बायको नर्स आहे, तिथे तिची आबाळ होणार नाही हे मला कळतं. पण तिथवर पोचली तर ना! तू तिला समजाव. माझं ती ऐकत नाही.

कळावे. आशीर्वाद माझे, अक्कल तुझी तू आणावीस.
तुझी ताई


ता. १६ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला समजावायला फोन केला. तिने मलाच विचारलं, शिलाई मशीनवर झाकण घातलंय ना, आणि पट्टा सैल झाला असेल तो ओढून घे. मी बरं म्हणालो. माझं समजावणं तिथेच संपलं.

ती येणार हे धरूनच चालू या. मग जीपचं काय करायचं ते बघू. मिस्त्रींना दाखवली. ते खाली सरपटत गेले आणि बराच वेळ आले नाहीत तेव्हाच मला धडकी भरली. चारही शॉकअप मेलेले आहेत. तेल गळून वरून धूळ बसलीय. मी इतकी वर्षं रस्त्याला शिव्या घालत होतो, पण म्हणे अर्धा दोष रस्त्याचा नव्हताच. त्यांनी मला समजावलं ते असं : खालचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा, गाडीचं वजन पेलतात, शॉकअप वजन पेलत नाही, तो पाट्यांचं उसळणं आवरतो. आवरणारं कोणी नाही म्हणून गाडी खड्डा संपल्यावरही नाचत राहते. पाटे मात्र कंपनीचेच आहेत, एकही पान तुटलेलं नाही, त्यांना हात लावायचा नाही असं त्यांचं ठाम मत आहे.

तेव्हा फक्त शॉकअप बदलायचे. तारांची देखभाल करत डोंगर हिंडणारा माणूस मी, मला हे आधी सुचायला हवं होतं. तुला भीती वाटते, तशी मलाही वाटते. फक्त मी ती हसून घालवतो आणि तू माझ्यावर काढतेस.

कळावे. लोभ असावा, रागाचं मी बघून घेतो.
तुझा ठोंब्या


ता. २२ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाट्यांना हात लावायचा नाही हे मला पटत नाही. एवढा खर्च करतोच आहेस तर पाटेही नवे घाल, चांगले जाड घाल. यांच्या कचेरीतल्या एकाने जाड पाटे घातलेत, त्याची गाडी म्हणे दगडासारखी घट्ट झालीय. आणि शॉकअप घेशील ते बाजारातले सगळ्यात कडक घे. आईच्या बाबतीत मला अर्धंमुर्धं काही नको.

इथे मी माझ्याकडून काही कमी ठेवलेलं नाही. तिच्या खोलीतली सतरंजी काढली, पाय अडकेल म्हणून. स्टूल काढलं, खुर्च्या काढल्या. कात्री आणि सुयांचा डबा लपवून ठेवला, कारण परवा ती पडलेलं बटण उचलायला वाकली आणि माझा जीव खालीवर झाला. मुलांना सांगितलंय, आजीच्या खोलीत दंगा नाही. आता तिथे पलंग आणि ती, एवढंच आहे. तरी ती खूश नाही. दिवसभर छताकडे बघते, आणि दुखतंय का विचारलं की नाही म्हणते, त्यापुढे एक शब्द नाही. माझं काय चुकतंय ते सांगेल तर शपथ. कधी कधी वाटतं की तिला माझ्याकडून पळून जायचंय, आणि मग मला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागतात.

पाट्यांचं मनावर घे. लोभ तुझ्यावर आहे, जीपवर नाही.
तुझी ताई


ता. ३ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

अति तिथे माती. आपल्या घराण्यात हे रक्तातच आहे. बाबांनी चित्र टांगायला खिळा ठोकला तो पलीकडच्या खोलीत निघाला आणि तू पुढे कित्येक वर्षं त्यावर दप्तर अडकवलंस, आठवतंय ना? मी त्यांचाच मुलगा. पाट्यांना मिस्त्रींनी साफ नकार दिला. जाड पाटे दबणारच नाहीत, मग दणका थेट म्हाताऱ्या माणसाच्या कण्यात जाईल, म्हणाले. पण तुझा शब्द निदान अर्धा तरी पाळावा म्हणून मी सगळ्यात कडक शॉकअप आणले, शर्यतीच्या गाड्यांना घालतात ते. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बसवून दिले.

मग परीक्षा घेतली. आईच्या वजनाचं वाळूचं पोतं भरलं, पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधलं आणि त्याच्यापुढे पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं घट्ट बसवलं. तुझी भावजय त्या पोत्याला अहो आई म्हणते. मी दार आपटलं तर मला ओरडली, आईंना त्रास होतोय म्हणून. डांबर संपलं आणि वळणापर्यंत पातेल्याचा तळ दिसला. पोत्याचे पाय गेले म्हणायचे. मी गाडी बाजूला घेऊन तसाच बसून राहिलो, स्टिअरिंग सोडवेना.

ते शॉकअप परत केले. आता दुसरे घातलेत, कंपनीच्या पाट्यांना जुळणारे. त्यांना खाली एक चकती आहे, ती फिरवून मऊ-कडक करता येतं. रोज कामावरून येताना पोतं आणि पातेलं घेऊन येतो. मागे तारांची भेंडोळी, शिडी, हत्यारांची पेटी सगळं तसंच असतं, दमल्यावर कोण उतरवणार? चकती थोडी थोडी फिरवत गेलो. काल घरी पोचलो तेव्हा पातेलं जवळजवळ भरलेलं होतं. तुझ्या भावजयीने ते उचलून झाडाला घातलं आणि म्हणाली, आता आणा.

कळावे. पोत्याचा नमस्कार.
तुझा ठोंब्या


ता. ११ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

डॉक्टरांनी हो म्हटलं. मी त्यांना तुझं पातेलं सांगितलं, ते हसले, पण मग म्हणाले की याहून चांगली परीक्षा त्यांनाही सुचत नाही. तेव्हा माझा नाइलाज आहे.

येत्या रविवारी ये. मी बरोबर येणार नाही. मला गाडी लागते, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक खड्ड्याला मी किंचाळेन आणि तू गाडी दरीत घालशील. दोन उशा, एक पाठीला आणि एक कमरेला. पट्टा फार आवळू नकोस. गाडी धुऊन आण, मागची ती लोखंडी अडगळ काढ, वळणावर काही घसरून तिच्या पाठीवर आलं तर? पोचलास की लगेच फोन कर.

पोत्याला काही होत नाही रे. ते दुखलं तर सांगत नाही. माझी भीती तीच आहे, आईसुद्धा सांगत नाही.

लोभ आहेच, या वेळी थोडा जीपवरही आहे.
तुझी ताई


ता. १८ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

हा काय प्रकार आहे? सकाळी निघालात, अंधार पडता पडता फोन, आणि त्यात एकच शब्द, पोचलो. एवढा वेळ कुठे होतात विचारलं तर म्हणालास आई लिहील. मागून आईचा आवाज आला, ती हसत होती की रडत होती ते कळलं नाही. त्यानंतर फोन लागत नाही. हे म्हणतात वाईट असतं तर कळलं असतं. यांचं सगळं बरंच असतं.

तिचे पाय हलतात का, एवढं एकच लिही. बाकी काही नको.

ताई


ता. २१ फेब्रुवारी

चि. माझ्या थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पाय हलतात. हे आधी वाच, पाणी पी, मग पुढचं वाच. फोन लागत नाही कारण वरच्या डोंगरावर काहीतरी बिघडलंय, त्यात आमचा दोष नाही.

ठोंब्याने गाडी आणली ती लग्नातल्यासारखी चकचकीत. साबणाचा वास येत होता. मागे काडी नव्हती. तुझं ऐकून शिडी काढली, पेटी काढली, तारा काढल्या, आणि वर स्वतःच्या मनाने जादा चाकही काढलं. तुम्ही दोघं बाबांवर गेलात, एकीने खिळा सांगावा आणि दुसऱ्याने तो घणाने ठोकावा. सूनबाईही आली होती, ती मागे बसली. डांबरावर मी मजेत होते. डांबर संपलं आणि पहिल्याच चरीत गाडी उडाली. उशीसकट मी उडाले आणि पाठीत अशी कळ आली की तोंडून आई गं निघालं. या वयात मी माझ्या आईला हाक मारली.

ठोंब्याने गाडी थांबवली. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. सूनबाईने माझे जोडे काढले आणि बोटं हलवा म्हणाली. तेवढ्या वेळात मी काय काय पाहिलं ते तुला सांगत नाही. मग बोटं हलली. अंगठाही हलला. सूनबाई रडली, मी रडले, आणि हा गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं काही बघतोय. तो पाठ करून रडत होता.

नंतर त्याने चकती मऊ केली आणि मला बाहेर सावलीत बसवून थोडं पुढे जाऊन बघून आला. म्हणाला आता नाचतेय, आपण परत फिरू, ताईकडे जाऊ. मी नाही म्हटलं. मी विचारलं, तुझं ते पोतं या चरीवरून नीट गेलं होतं ना? मग तेव्हापासून गाडीत काय बदललं? तो म्हणाला काहीच नाही, फक्त रिकामी केली. हे बोलला आणि कपाळावर हात मारून घेतला. पाटे सामान वाहण्यासाठी बनवलेले, आणि चकतीही त्याने सामान असताना लावलेली. मी जन्मभर मशीन चालवलं. खाली कापड नसताना पायडल मारलं की दोरा गुंततो, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, भर गाडी.

रस्त्याकडेला दगडांना तोटा नव्हता. ती दोघं उचलत होती आणि मी बसल्या जागेवरून सांगत होते, हा घे, तो नको, टोकदार आहे, सीट फाडेल. एक ट्रकवाला थांबला, काय चाललंय म्हणाला. सूनबाईने सांगितलं, सासूबाई फार हलक्या झाल्या आहेत, त्यांना जड करतोय. तो गाडीतून उतरून चार दगड टाकून गेला. ठोंब्याने चकती पहिल्यासारखी केली, माझ्या जागी सूनबाईला बसवून एक फेरी मारली, मग मला घेतलं. म्हणून अंधार पडला. पुढच्या सगळ्या चरी मला कळल्या, पण लागली एकही नाही. घराच्या शेवटच्या चढावर तर माझा डोळा लागला.

आता तुला सांगायचं ते सांगते, रागावू नकोस. तू मला जपलंस तसं कोणी जपणार नाही. पण तू खोलीतून सतरंजी नेलीस, खुर्ची नेलीस, मुलांचा आवाज नेलास. माझा सुयांचा डबा कपाटावर टोप्यांच्या खोक्यात आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मागितला नाही, तू घाबरली असतीस. दिवसभर माझ्याकडे एकच काम उरलं होतं, दुखतंय का याचं उत्तर देणं. त्या रिकाम्या खोलीत मला कोणी धक्का लावला नाही, तरी पाठ रोज दुखायची, आणि मी नाही म्हणायचे. तुझ्यापासून पळावं असं मला कधी वाटलं नाही गं. त्या रिकामपणापासून वाटलं.

दगड ठोंब्या फेकून देणार होता, मी ठेवून घेतले. मशीनपुढे मधूनमधून पाय टेकायला त्यांचा ओटा करून देतोय. ताठ बसून शिवायला सूनबाईची परवानगी आहे, ती बाजूला उभी राहून मोजूनमापून देते. तेव्हा तुझ्या घरातले बटण तुटलेले, उसवलेले, आखूड झालेले सगळे कपडे गाठोडं बांधून पाठव. सुयांचा डबाही पाठव. चांगलं जड गाठोडं कर.

कळावे. लोभ आहेच. तो उचलून वर ठेवू नये, वापरावा, ही विनंती.
तुझी आई