नव्या पिस्टनवर घाट

मी, धोंडीराम पुंजाराम गायधनी, वय बेचाळीस, चित्रकला शिक्षक, राहणार द्वारकेजवळ, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, पत्नी सौ. लताबाई यांना ते मान्य नाही. कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही, असे लिहिण्याची रीत आहे, पण मला ते लिहिता येत नाही. आज सकाळी त्यांनी मोटारसायकलची चावी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "जायचंच ना? मग कुणाला काय द्यायचं ते आधी लिहा, आणि मग जा."

कारण असे. आज माझी आणि लताबाईंचा भाऊ चिमाजी याची नांदुरी ते सप्तशृंग गड अशी शर्यत ठरली आहे. गेल्याच आठवड्यात माझ्या राजदूत ३५० चे इंजिन बोअर करून दोन्ही पिस्टन नवे बसवले. अशी गाडी पाचशे किलोमीटर तरी सावकाश चालवावी लागते. घाटात ताणली तर पिस्टन चिकटतो, मागचे चाक जागीच अडकते, आणि दरीच्या बाजूला कठडा नाही. हे सगळे मला माहीत आहे. तरी जायचे आहे. दिंडोरीच्या लग्नात चिमाजी भर मांडवात म्हणाला होता, "दाजींची गाडी लय देखणी हाय, पण पळत नाय." सगळा मांडव हसला. ते हसू अजून माझ्या कानातून जात नाही.

कलम १. घर आणि बँकेत असेल ते लताबाई व मुलगी कुसुम यांना निम्मे निम्मे. कुसुमचे लग्न तिच्या मर्जीविरुद्ध करू नये.

कलम २. थोरले बंधू गेणू यांना माझी जुनी सायकल. मोटारसायकल आणली त्या दसऱ्याला आम्ही तिला झेंडूची माळ घालत होतो, आणि हे म्हणाले, "यमाचा रेडा दारात बांधला." त्यांचे बोल खरे ठरलेच, तर निदान तेराव्याला त्यांनी ते पुन्हा ऐकवू नयेत.

कलम ३. चिमाजीला माझे हेल्मेट. तो बोडक्या डोक्याने गाडी मारतो आणि त्याची बहीण देवाला नारळ बोलते. याखेरीज त्याला काही नाही. मांडवातले बोलणे मी माफ केलेले नाही.

कलम ४. मोटारसायकल. इथे हात अडतो. गाडी नवी होती तेव्हा मागे मी पांढऱ्या रंगाने "रनिंग-इन" असे सुबक अक्षरात लिहिले होते, म्हणजे इंजिन नवे आहे, गाडी सावकाश चालणार. तेव्हा लताबाई मागे बसत. दूधवाल्यांच्या सायकली आम्हाला मागे टाकून जात. कळवणपर्यंत आम्ही असेच रमतगमत जायचो आणि त्या माझ्या कानाशी बोलत राहायच्या. त्यांना शाळेत शिकवायचे होते, हे लग्नाला इतकी वर्षे होऊनही मला तेव्हा कळले. पुढे इंजिन मोकळे झाले. मी वेगासाठी सायलेन्सर बदलला, इंजिनाचे हेड घासून घेतले, हँडल खाली उतरवले. त्या बसेनाशा झाल्या, तेव्हा दोघांची सीट काढून एकट्यापुरती बसवली.

मला भीती वाटते. मरणाची वाटते, आणि न गेलो तर होणाऱ्या हसण्याचीही वाटते. गाडी मी लताबाईंना देतो.

एवढे त्यांना वाचून दाखवले. बाहेर चिमाजी हॉर्न वाजवत होता. त्या म्हणाल्या, "मेल्यावर कशाला? द्यायची तर आत्ता द्या."

मी कलम ४ पुन्हा एकदा वाचले. मग म्हणालो, "दिली."

त्या अंगणात गेल्या. "चिमा, गाडी माझी आहे. ती आज घाटात यायची नाही."

चिमाजीने दारातून आत पाहिले. "काय दाजी, भ्याले का?"

"भ्यालो," मी म्हणालो. तो हसेल म्हणून वाट पाहिली. तो हसला नाही.

कलम ५. मालकिणीच्या हुकमाने लिहितो. नवे पिस्टन पाचशे किलोमीटर सावकाश चालवायचे, सुरुवात आज, कळवणपर्यंत जाऊन. जुनी सीट मी भंगारात गेली समजत होतो. ती त्यांनी माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. ती बसवूनच निघायचे. या प्रवासात माझे काही झाले तर वरील कलमे लागू होतील.

नाशिक, रविवार, ता. ९ नोव्हेंबर १९८६

सही: धों. पुं. गायधनी

साक्षीदार:
१. वत्सलाबाई भिकन शिंदे, शेजारीण. यांनी माझ्यासमोर सही केली.
२. चिमाजी बहिरू ढगे, दिंडोरी. हेल्मेट आत्ताच मिळालं. लय घट्ट हाय, पण घातलं.