मधोमध संपणारी गोष्ट

आखाडा बाळापूर,
१२ जानेवारी २००४

प्रिय शितल,

उसवणार नाही. एक टाकासुद्धा उसवणार नाही. महिनाभर दुपारचं पडणं सोडून तुझ्या वर्गासाठी गोधडी शिवली, अन् तू ती जावयाच्या हाती परत धाडलीस? वर चिठ्ठी, चित्रांचा क्रम चुकला, दोन ओळींत लावून दे. मास्तरीण तू तुझ्या शाळेत, इथं मला नापास करू नको. सुदामराव बिचारे गोधडी काखेत धरून दारात उभे. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, मामी, माझा यात काही हात नाही.

म्हशीच्या हरवलेल्या वगारीच्या गोष्टीचं पुस्तक देऊन तूच म्हणालीस, आठ चित्रं कापडाची करून लाव. लेकरं पान वाचतील अन् त्या चित्रावर चिंचोका ठेवतील. बराबर. पण गोधडी कुठून सुरू होते, विसरलीस? काठापासून. टाका चारी बाजूंनी फिरत फिरत मधात येतो. मी चित्रंही तशीच लावली. कोपऱ्यात वगार हरवते, काठाकाठानं बगळ्याला विचारते, कोळ्याला विचारते, अन् मधोमध तिला तिची माय सापडते. म्हशीला माझ्या काळ्या लुगड्याचं कापड लावलंय, ते काय उसवायला?

रागानं गोधडी ओसरीवर फेकली, तर शेजारच्या देवलाची प्रतिक्षा अन् तिच्या तीन मैत्रिणी चौफेर येऊन बसल्या. एक वाचून राहिली, बाकीच्या चिंचोका सरकवून राहिल्या. गोष्ट फिरली तशा पोरीही गुडघ्यांवर रांगत गोधडीभोवती फिरल्या. मी विचारलं, बगळा वगारीला उलटी वाट काहून दाखवतो गं? पुस्तकात ते लिहिलेलंच नाही. एक म्हणाली, खोडील आहे मेला. प्रतिक्षा म्हणाली, न्हाई काकू, वगार पाण्यात शिरली की गाळ उठतो, मग त्याला मासे दिसत न्हाईत. सांग, तुझ्या दोन ओळींनी याहून जास्त काय शिकवलं असतं?

अन् ऐक, ते पुस्तक मी स्वतः वाचलं. चौथीत शाळा सुटल्यापासून अख्खं पुस्तक पहिल्यांदाच. जोडाक्षर आलं की बोट तिथंच अडायचं. आठ पानांना सहा दिवस लागले. शेवटच्या पानाला चहा उतू गेला. हसू नको.

खरं सांगू? हे पत्र गोधडीसाठी नाही. सव्वीस जानेवारीला तुझ्या शाळेत लेकरांच्या वस्तू मांडणार, सगळ्यांच्या आया येणार, हे मला सुदामरावांकडून कळलं. तीन वर्षं झाली तुला नोकरी लागून. गोधडी मागितलीस, मला कधी बोलावलं नाहीस. काहून, तेही ठाऊक आहे. तुझ्या लग्नात तुझ्या हेडमास्तरांनी पानात बुंदी टाकली, तर मी भर पंगतीत विचारलं, खायची नव्हती तर घेतली कशाला? तू लाजेनं लाल झालीस. झालं ते झालं. पण मला तुझा वर्ग बघायचाय. तू फळ्यापुढं उभी राहून कशी बोलतेस, ते एकदा मागच्या भिंतीला टेकून ऐकायचंय. हेडमास्तरांकडं मी बघणारसुद्धा नाही. सव्वीसला येऊ का नको, सरळ लिही. जावयाच्या हाती निरोप नको, तुझ्या अक्षरात उत्तर पाहिजे, अन् ते एकोणीस तारखेच्या सोमवारपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच,
बोलावल्याशिवाय न येणारी माय
जनका