महाराजांना गेलेली दोन मतं

मंगळवार, संध्याकाळ

आज पेपरच्या कचेरीतून एक मुलगी दारात आली. जिल्ह्यातली सर्वांत आदरणीय व्यक्ती कोण, यावर आमचा कौल हवा म्हणे. आमच्याकडे कौल देवाला लावतात, हिला कागदावर हवा.

आईने मठातल्या महाराजांचं नाव दिलं. दादा होडीसकट बुडाला तेव्हा जो ‘तुझ्याच पापाचं फळ’ असं तिच्या तोंडावर बोलला, तोच हा ढोंगी.

मी भडकलो, "आये, तेचा नाव कित्याक घेतलंस?"

ती हळूच म्हणाली, "भंय वाटता रे. तू पण दर्यात जातंस ना."

मग मुलीने मला विचारलं, "आणि तुमचा कौल?"

आई माझ्याकडे बघत होती. मीही त्याच ढोंग्याचं नाव सांगितलं.

आता पेपरवाले हे आदर म्हणून छापतील.