संयुक्त बैठकीचा अध्यक्ष कोण?

सोम., २० नोव्हें. १९७२. बेलापूर, जि. नगर

दिवाळीची सुट्टी संपली. अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गाच्या, चाचणीचे पेपर आले. यंदा संस्थेचं नवं खूळ: ज्याने शिकवलं त्याने तपासायचं नाही. म्हणून माझं नागरिकशास्त्र भूगोलाच्या गाडेसरांकडे.

कौसल्या नापास. बत्तीस. पस्तीस लागतात.

विश्वास बसेना. पेपर मागून घेतला. प्र. ४, चार गुण: संसदेची संयुक्त बैठक केव्हा होते, अध्यक्ष कोण? पोरीने लिहिलंय, एका सभागृहाने मंजूर केलेलं विधेयक दुसऱ्याने फेटाळलं किंवा सहा महिने अडवलं तर राष्ट्रपती बोलावतात. अध्यक्ष लोकसभेचा. हुंडाबंदीच्या विधेयकाला अशी बैठक झाली होती. सगळं बरोबर. त्यावर लाल फुली, शून्य, आणि समासात ‘उपराष्ट्रपती’.

वर्गात हुंड्याचं उदाहरण सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवर हसत होते. हिने मात्र लक्षात ठेवलं.

मंगळ., २१

गाडेसरांना गाठलं. म्हणाले, बाजारातल्या गाइडात उपराष्ट्रपती आहे. मी म्हटलं, गाइड चुकलंय. तर मलाच शिकवायला लागले. उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती, राज्यसभा हे वरिष्ठ सभागृह. “वरिष्ठ हजर असताना कनिष्ठ खुर्चीवर बसेल का? आपल्याकडे तरी बसतो का?”

समजावलं. वरिष्ठ नावाला. पैशाचं विधेयक राज्यसभेला चौदा दिवसांत परत पाठवावं लागतं, सरकार पाडण्याचा अधिकार फक्त लोकसभेला. ऐकून म्हणाले, मग तिला वरिष्ठ कशाला म्हणतात?



बुध., २२

कौसल्याचे मामा शाळेत आले. इथले बागायतदार. पोरगी त्यांच्याकडे राहून शिकते, आईबाप पाथर्डीकडचे. तिकडे दोन वर्षं पाऊस नाही, दोघं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडतायत.  मामा म्हणाले, “दाजींचं पत्र आलंय. स्थळ चालून आलंय म्हनत्यात. बोर्डाचा फॉर्म गेला तर मार्चपत्तुर थांबतो, न्हाईतर माघात उरकून टाकतो.”

चाचणीत पास, तरच फॉर्म जातो. म्हणजे सगळं प्र. ४ वर येऊन थांबलं.

मुख्याध्यापकांना सांगितलं. म्हणाले, लेखी आधार आणा. घटनेची प्रत शाळेत नाही. नागरिकशास्त्र शिकवतो त्या शाळेत!

शुक्र., २४

रजा काढून नगरला. एस.टी. राहुरीला अर्धा तास बंद पडली. कोर्टासमोर एका ओळखीच्या वकिलांकडे घटनेचं पुस्तक. कलम ११८, चौथं पोटकलम. स्वच्छ अक्षरात उतरवून घेतलं. वकील हसले. म्हणाले, तीन गुणांसाठी एवढी पायपीट?  चहा घेतला आणि निघालो.

शनि., २५

मु.अ.नी कागद दोनदा वाचला. मान्य केलं. मग दार लोटून घेतलं.

अडचण वेगळीच. अकरा जणांनी गाइडातून ‘उपराष्ट्रपती’ लिहून गुण घेतलेत. उत्तर बदललं तर त्यांचे जाणार. त्यात शाळा समितीच्या चेअरमनांचा पुतण्या. त्याला छत्तीस आहेत.

मु.अ. म्हणाले, मुलीला तीन गुण कृपेचे देतो, विषय मिटवा.

मी नाही म्हणालो. तिचं उत्तर बरोबर, कृपा कसली? अकरा जणांचंही नुकसान नको, चूक तपासणाऱ्याची. पण बरोबर काय ते एकदा फळ्यावर लागू दे. ते म्हणाले, तर मग समितीपुढे न्यावं लागेल.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, कृपेचे घेतले असते तर पोरगी आजच सुटली असती, तुमचा हट्ट तिच्या जिवावर.



मंगळ., २८

समितीची सभा. मला बाहेर बाकावर बसवलं. पाऊण तासाने बोलावून ठराव ऐकवला: दोन्ही उत्तरे बरोबर धरण्यात यावीत. बहुमताने मंजूर, एक तटस्थ.

म्हणजे बेलापुरात संयुक्त बैठकीला दोन अध्यक्ष.

म्हटलं, हे मतदानाने ठरत नाही. चेअरमन शांतपणे म्हणाले, “गुरुजी, तुमची पोरगी पास झाली ना? मग आता काय राह्यलं?”

विषयशिक्षक म्हणून सुधारित यादीवर माझी सही हवी. सहीशिवाय फॉर्म जात नाहीत. केली. 

बुध., २९

फॉर्म भरले. कौसल्याने रजिस्टरातली जन्मतारीख दोनदा विचारली, चुकू नये म्हणून.

तासाला उभी राहिली. “सर, बोर्डाच्या पेपरात काय लिव्हू?”

 चेअरमनांचा पुतण्याही वही उघडून बसलेला. त्यालाही खरं उत्तरच हवं होतं.

मी सांगितलं. लोकसभेचा अध्यक्ष, दुसरं उत्तर नाही. समितीचा ठराव ह्या शाळेपुरता आणि तोही चुकीचा. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

सोम., ४ डिसें.

मेमो. वर्गात समितीच्या निर्णयाची अवहेलना केली, आठ दिवसांत खुलासा करावा, अन्यथा पुढील कारवाई. खाली मु.अ.ची सही. देताना माझ्याकडे बघत नव्हते.

गाडेसर येऊन बसले. म्हणाले, माझ्यामुळे झालं. मग तेच कलम उतरवून मागितलं. दिलं.

रवि., १०

कौसल्याचे वडील आले. पाथर्डीहून रात्रभर प्रवास, बोटांना चिंध्या बांधलेल्या. ओट्यावर बसले, पाणी प्याले. पोरगी पास होईल का म्हणून विचारलं.

खोटं बोलवेना. म्हटलं, गणित कच्चं आहे. बाकी निघेल.

वडील म्हणाले, “मार्चपत्तुर थांबतो म्हनलोय, तर थांबतो. पर पोराकडली मंडळी थांबत्याल का, ते मला सांगता येत न्हाई गुरुजी.” मग म्हणाले, पुढचं लेकीला विचारतो. तसेच उठून मामांकडे गेले.

खुलाशाची मुदत परवा. तीन मसुदे फाडले. ही म्हणते, एक ओळ माफीची लिहा, नोकरी राहू द्या. चौथ्या कागदावर एवढंच उतरलंय: ‘महोदय, मी वर्गात जे सांगितले ते’